पहिल्या नारळाची ओळ

माझा स्वभाव असा की गॅस बंद केला का हे बघायला मी निम्मा जिना उतरून परत वर जाते. कुलूप लावलं की ते ओढून बघते, आणि रिक्षात बसल्यावर नवऱ्याला विचारते, "मी कुलूप ओढून बघितलं होतं ना?" कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करते मी, तिथंही मुलांच्या दाखल्यावरची जन्मतारीख शेजारणीला दाखवल्याशिवाय माझी सही उमटत नाही. अशा बाईनं अख्ख्या जगाला वाचता येईल असं काही लिहायला जाऊच नये. पण मी गेले. मराठी लेखनाची कार्यशाळा होती, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनीही हजर राहावं अशी सूचना फिरली होती, आणि प्राचार्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही.

शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. इंटरनेटवर मराठीचा एक ज्ञानकोश आहे, त्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुरुस्त करू शकतं, असं त्या हसत हसत सांगत होत्या. 'कुणीही' ऐकून बाकीचे खूश झाले, मला मात्र घाम फुटला. कुणीही म्हणजे मीसुद्धा, आणि कुणीही म्हणजे माझं वाचून फिदीफिदी हसणारेसुद्धा! संगणकाच्या खोलीत पंखे नुसते आवाज करत होते, सोलापूरचं ऊन खिडकीतून मानेवर येत होतं. मॅडम म्हणाल्या, "आपल्या गावाचं पान उघडा. प्रत्येकाला आपल्या गावाबद्दल काहीतरी माहीत असतंच."

आमचं गाव करकंबच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. लग्न होऊन सोलापुरात आले त्याला जमाना झाला, पण 'गाव कुठलं?' म्हटलं की तोंडात अजून तेच येतं. पान उघडलं तर काय, दोन ओळी! अमुक तालुक्यातलं एक गाव आहे, आणि पिन कोड. झालं. उत्सुकता म्हणून शेजारच्या गावाचं पान उघडलं, तर त्यांचा बंधारा काय, देऊळ काय, शाळेचा फोटो काय! अहो, ज्या गावाला लहानपणी आम्ही नावं ठेवायचो, ज्यांच्याकडे दळायला गिरणीसुद्धा नव्हती, त्यांचं पान वाचायला दोनदा खाली सरकवावं लागत होतं. मला असा राग आला म्हणून सांगू! रागाच्या भरात माझी भीती कुठल्या कुठं पळाली. जन्मात पहिल्यांदाच असं झालं असेल.

मी लिहीत सुटले. आठवड्याचा बाजार, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यानं डुलत जाणाऱ्या बैलगाड्या, ओढ्याकाठची शाळा, गावाच्या दोन आळ्या, एक वरची आणि एक खालची. मग ग्रामदैवताचं देऊळ, देवळापुढची दगडी दीपमाळ आणि चैत्रातली जत्रा. जत्रेबद्दल लिहिताना हात आपोआप चालला. 'जत्रेच्या दिवशी पहिला नारळ फोडण्याचा मान वरच्या आळीचा असतो.' वरची आळी म्हणजे आमची. आमच्या घरातलाच वडीलधारा माणूस तो नारळ फोडतो. आधी आजोबा, मग आमचे दादा, म्हणजे वडील, आणि दादा गेल्यावर माझा थोरला भाऊ. पोरगी असल्यापासून दरवर्षी डोळ्यांनी बघितलेलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

लिहून झालं आणि भीती परत आली. 'जतन करा' लिहिलेल्या बटणावर बाण नेऊन मी तशीच बसले. मॅडम पाठीमागून म्हणाल्या, "दाबा की ताई. काही होत नाही!"

मी डोळे मिटून दाबलं.

घरी आले तर नवरा कामावरून येऊन चहा घेत बसला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय लागलीय. मी मोबाईल पुढं केला तसा तो ओरडलाच, "अगं बाई! आमची बायको विद्वान झाली की!" शेजारच्या पद्मशाली काकू दारात येऊन बघायला लागल्या. मला लाजल्यासारखं झालं, पण आतून, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. त्याच भरात मी त्या पानाची लिंक भावाला पाठवली. आई-दादा दोघंही आता नाहीत. माहेर म्हणजे आता आण्णा, थोरला भाऊ. त्याला कधी माझं कौतुक करावंसं वाटलेलं मला आठवत नाही. या वेळी मात्र लगेच उत्तर आलं. चार अंगठे, आणि खाली 'शाब्बास'.

ते 'शाब्बास' मी किती वेळा उघडून बघितलं ते विचारू नका.

दोन-तीन दिवस गेले असतील. संध्याकाळी भाकरी थापत होते आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. ही आमच्याच गावात दिलेली, खालच्या आळीत. देवळापासून एक वाट चढून आमच्या वाड्यावर जाते आणि एक उतरून तिच्या सासरी. हाकेच्या अंतरावर माहेर. संध्याकाळी ताक द्यायच्या निमित्तानं ती वर येते, वहिनीशी घटकाभर बोलते आणि जाते. तिच्या सासूलाही त्याचं काही नसतं. फोनवर ती एरवी चिमणीसारखी बोलते. त्या दिवशी नुसता श्वास ऐकू आला.

"अक्का," ती म्हणाली, "तू काय लिवून ठेवलंयस गं?"

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

हळूहळू तिनं सांगितलं ते असं. आण्णानं माझं पान गावाच्या ग्रुपवर टाकलं. नुसतं टाकून राहिला असता तर ठीक. त्यानं त्या ओळीखाली लाल रेघ मारून टाकलं, आणि वर लिहिलं, 'आता तर इंटरनेटवर पण आलं. यंदापासून पहिला नारळ वरच्या आळीचा, मगच खालच्यांचा.' गावात त्यावरून धूर निघाला होता. खालच्या आळीचा नारळ फोडतात ते माझ्या बहिणीचे सासरे. शांत माणूस, कधी आवाज चढवलेला नाही. त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, की जत्रेत तुझ्या माहेरचा नारळ आधी फुटला तर आमच्या घरची सून पुन्हा त्या उंबऱ्याला जाणार नाही. ताकाचं भांडंसुद्धा नाही.

"ते बोलले म्हंजे करत्यात, अक्का," ती म्हणाली. "मी कशी ऱ्हाऊ गं? परड्यात उभी राह्यले तरी आपल्या घराचं माळवद दिसतं."

"पण पहिला आपलाच असतो की," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

ती मग म्हणाली, "आगं, दोन्ही एकदम फुटत्यात. तुला म्हाईतच न्हाय व्हय?"

मला माहीत नव्हतं. खरंच सांगते, माहीत नव्हतं. या मानावरूनच कधीकाळी दोन आळ्यांत डोकी फुटली होती आणि कित्येक वर्षं जत्राच भरली नव्हती, हे ऐकून होते. पण त्यावर म्हाताऱ्या माणसांनी काय तोड काढली ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पोरींना कोण सांगतं? ते आता बहिणीनं सांगितलं. दीपमाळेच्या उजव्या अंगाला एक दगड आहे आणि डाव्या अंगाला एक. उजव्या दगडाशी वरच्या आळीचा माणूस, डाव्या दगडाशी खालच्या आळीचा. गुरव मधे उभा राहून 'चांगभलं' म्हणतो, आणि त्याच क्षणी दोघांचे हात खाली येतात. हलगी अशी कडाडत असते की कुणाचा आवाज आधी आला ते देवालाही सांगता येऊ नये. आणि हे कुठं लिहायचं नाही, कुठं बोलायचं नाही, हाच करार. लिहिलं की कुणाचं तरी नाव आधी लिहावं लागतं.

आणि मी कशी चुकले? तर बायका उभ्या राहतात तिथून. वरच्या आळीच्या बायका उजव्या कट्ट्यावर, खालच्या आळीच्या डाव्या. मधे ती जाडजूड दीपमाळ. मला जन्मभर आमचाच नारळ दिसला. मग दादा घामेजलेले, हसत यायचे आणि म्हणायचे, "फुटला आपला, आता गाव मोकळं." मला वाटायचं, आता बाकीचे फोडतील. बहिणीलाही तसंच वाटायचं. लग्नानंतर पहिल्या जत्रेला ती डाव्या कट्ट्यावर उभी राहिली, तर तिला फक्त सासऱ्यांचा नारळ दिसला. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मला सांगावं असं तिला वाटलं नाही, आणि का वाटावं? ते काय फोनवर सांगायचं असतं?

जत्रा आठवड्यावर आली होती.

मला वाटलं, सोपं आहे. मीच लिहिलंय, मीच पुसते. जेवण तसंच टाकून मी ओळ शोधली, पुसली आणि बटण दाबलं. या वेळी डोळे उघडे ठेवून. पान बघितलं तर ओळ गेलेली. देवापुढं हात जोडले. चहा टाकला. चहा गाळून परत बघते तर ओळ जागच्या जागी! आणि वर घंटीच्या चित्रावर लाल आकडा. उघडलं तर मला निरोप. 'नमस्कार. आपण लेखातील मजकूर कारण न देता वगळला आहे, म्हणून तो पूर्ववत केला आहे. कृपया असे करू नये.'

कृपया असे करू नये! मला तर पोलीस दारात आल्यासारखं झालं. हा कोण माणूस, कुठं बसलाय, माझ्या गावाच्या पानावर पहारा देत? मी पुन्हा पुसली. पुन्हा आली. या वेळी निरोपाची भाषा कडक होती. 'हे असेच चालू राहिल्यास आपले खाते संपादनासाठी बंद होऊ शकते.'

"अहो, मला बंद करायला निघालेत!" मी नवऱ्याला म्हणाले.

"कोण?"

"कोण काय माहीत!"

त्यानं चष्मा लावून वाचलं. हसू दाबत होता मेला. मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. म्हणाला, "अगं, लिहिणारी तू आणि पुसणारी तू, हे त्याला काय ठाऊक? त्याला वाटलं कुणीतरी खोडसाळपणा करतंय. त्याच्याशी बोल की सरळ."

बोल म्हणे. अनोळखी माणसाशी, सगळ्या जगासमोर! पण बहिणीचा तो श्वास कानात होता. पानाच्या मागं एक चर्चेचं पान असतं, हे मॅडमनी सांगितलं होतं. मी तिथं लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं, 'ही ओळ मीच लिहिली होती. कृपया ती काढू द्यावी. फार अडचण झाली आहे.'

सकाळी ऑफिसात जाऊन दाखल्यांचा ढीग पुढं ओढला, पण दर दोन दाखल्यांमागं मोबाईल. जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. माणूस सभ्य होता, मान्य करायला पाहिजे. लिहिलं होतं, 'आपली अडचण समजू शकतो. पण कृपया एक सांगावे. ही माहिती चुकीची आहे का? की माहिती बरोबर आहे, पण आपल्याला नको आहे?'

डबा उघडाच राहिला. शेंगाचटणीवर माशी बसली तरी मी हलले नाही. काय उत्तर देणार? चुकीची म्हणावी तर मी डोळ्यांनी बघितलंय. दादांचा हात वर जाताना बघितलाय, करवंटी उडताना बघितलीय, अंगावर पाणी उडालंय. ते खोटं म्हणायचं? आणि बरोबर म्हणावी तर बहीण तिकडं ताकाचं भांडं धरून बसलीय. मला दादांचा राग आला, की पोरींना सांगितलं का नाही. मग त्या दीपमाळेचा राग आला. मग स्वतःचा आला, तो काही गेला नाही.

शेवटी लिहिलं, 'चुकीची आहे. मी एका बाजूला उभी होते. तिथून एकच नारळ दिसतो. फुटतात दोन, एकाच वेळी. मला कुठलाही पुरावा देता येणार नाही, कारण हे कुठं लिहिलेलं नाही.'

संध्याकाळच्या आत ओळ गेली. त्यानं खाली लिहिलं होतं, 'संदर्भ नसल्यामुळे वगळत आहे. आपण प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल आभार.' मी रडले. ऑफिसातली शेजारीण घाबरली, म्हणाली घरी कुणाचं काही झालं का. मी म्हणाले, नाही गं, सुटले.

कसली सुटले! मी हौसेनं आण्णाला फोन लावला. "आण्णा, ओळ काढली बघ. चूक झाली होती माझी."

"काढलीस?" तो म्हणाला. "कुणी सांगितलं काढायला? खालच्यांनी दाबलं व्हय?"

"न्हाय आण्णा. दोन्ही एकदम फुटतात म्हणे..."

"ते मला शिकीवतीस? नारळ माज्या हातात असतो का तुज्या?"

म्हणजे त्याला माहीत होतं. अर्थातच माहीत होतं, दरवर्षी तोच फोडतो. मी म्हणाले, "मग तू असं का करतोस?"

तो मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आगं, दादा जलमभर म्हनत गेले, मान आपला हुता, वाटून घ्यावा लागला. आता आपुआप छापून आलाय, तर मी कशाला न्हाय म्हनू? आन् काढलीस तर काय, मी फोटू काढून ठिवलाय. जुनं पानबी तितं तसंच ऱ्हातं म्हनत्यात. शनवारी जत्रंच्या बैठकीत दाखिवणार हाय."

ते खरं होतं. त्या ज्ञानकोशात काही पुसलं तरी मागचं सगळं साठून राहतं, कुणीही उघडून बघावं. मॅडमनी कौतुकानं सांगितलं होतं हे.

माझी झोप गेली, जेवण गेलं. दाखल्यावर दुसऱ्याच मुलाचं नाव लिहिलं, साहेब बोलले. नवरा म्हणाला, "जाऊन ये. तू गेल्याशिवाय हे मिटायचं नाही." मी म्हणाले, "मी बैठकीत काय बोलू? तिथं बायका बोलत नाहीत." तो म्हणाला, "लिहिताना विचारलं होतंस का, बायका लिहितात का म्हणून?" मी पिशवी भरायला घेतली.

शनिवारी पहिल्या एसटीनं निघाले. पंढरपूरला गाडी बदलली, करकंबला उतरून वडापच्या जीपमधे कोंबून घेतलं. काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक खड्ड्याला ते विस्कटत होतं. देवळाच्या सभामंडपात माणसं बसलेली, वरच्या आळीची एका अंगाला, खालच्या आळीची दुसऱ्या. मी घरी न जाता पिशवी घेऊन तशीच पायरीशी उभी राहिले. आण्णा मोबाईल वर धरून बोलत होता. "हे काय मी लिवल्यालं न्हाय. इंटरनेट काय माज्या बाचं हाय?"

"मी लिवलंय," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या दोघा-तिघांनीच ऐकला. परत म्हणाले. मग सगळी डोकी वळली. पदर खांद्यावरून घेतला, पायरीच्या खांबाला धरलं. बोलायला लागले तसं जुळवलेलं सगळं विसरले आणि गावचं बोलणं तोंडात आलं.

"ती वळ मी लिवली. मला वाटलं, पैला आमचाच. कारन मी लहानपनापास्नं त्या कट्ट्यावर उभी हुते. तितनं खालच्या आळीचा दगड दिसतच न्हाय. कुनालाबी विचारा, बायकांस्नी विचारा. दोन्ही आळीच्या बायकांस्नी आपलाच नारळ दिसतो. मी चुकले. ते पान मी दुरुस्त केलंय. त्या वळीवरनं गावानं काय ठरवू नका."

कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "मग बाय, तू बगितलंस ते खोटं व्हय?"

"खरं हाय," मी म्हणाले. "पन निम्मं हाय."

कुणी हसलं नाही. बहिणीच्या सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, एवढंच. मग गुरव म्हणाला, की पोर सोलापुरास्नं आली, कबूल केलं, आता आणखी काय पाहिजे. हळूहळू दोन्हीकडचे बोलायला लागले. ठरलं ते पहिल्यासारखंच. दोन नारळ, एक चांगभलं. आण्णानं मोबाईल खिशात घातला. माझ्याकडे बघितलं नाही. पायऱ्या उतरताना त्याचा खांदा माझ्या पिशवीला घासला.

मी त्याच्या मागं मागं घरी गेले. वहिनीनं पाणी दिलं, तिचा चेहरा उतरलेला. मी म्हणाले, "आण्णा, राग धरू नकोस. तिचं माहेर तुटलं असतं रे."

तो खुंटीवरचा शर्ट झटकत होता. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "साऱ्या गावापुढं मला खोटं पाडलंस. तुला लिवाय कुनी सांगितलं हुतं? आन् पुसाय तरी कुनी सांगितलं?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"उद्या पावनं येनार हायती," तो म्हणाला. "घरात जागा न्हाय."

आमच्या घरात जत्रेला जागा नाही! ज्या घरात जत्रेच्या रात्री माणसं माळवदावर, जिन्यात, कणगीच्या आडोशाला झोपतात, जिथं दादा येईल त्याला म्हणायचे, सरकून घ्या रं, माणूस मावतं! वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. मी पिशवी उचलली. त्या उंबऱ्यावरून बाहेर पडताना मला थांबवायला कुणी आलं नाही. ते किती दुखलं ते अजून मला नीट सांगता येत नाही.

खाली बहीण दारातच उभी होती, सासऱ्यांनीच तिला मला बोलवायला सांगितलं होतं. तिनं मला हाताला धरून आत नेलं. चूल पेटलेली, आमटीचा वास घरभर. सासूबाई म्हणाल्या, बस गं माय, लांबनं आलीस. बहिणीचा चेहरा असा खुललेला मी तिच्या लग्नानंतर बघितला नव्हता. भाकरी वाढता वाढता ती बोलत होती, बोलत होती. मामंजी बैठकीतनं आले ते हसतच आले, म्हणाले, उद्या नारळ झाला की जा माहेरी, वहिनीला मदत कर. तिनं हिरवी साडी काढून ठेवली होती, ती मला दाखवली.

"अक्का, तू ऱ्हा की आजचा दिस," ती म्हणाली. "उद्या दोगी मिळून माहेरी जाऊ. किती वर्सं झाली गं आपन दोगी जत्रंला तितं मिळून जेवलो न्हाय."

मी घास तोंडात घातला.

"तू जा गं," मी म्हणाले. "मला उद्या ऑफिस हाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिच्या हातातली पळी मधेच थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वर आमच्या घराकडे बघितलं, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.